शब्दाआधीची भाषा : स्वमग्न मुलांच्या संप्रेषणविचाराचा इतिहास, माझगाव ते वसई

प्रास्ताविक

वसई परिसरातील एका बालवाडीचा प्रवेशअर्ज काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात आला. नाव, जन्मतारीख, लसीकरण, रक्तगट यांच्या खाली एक ओळ होती : 'मूल बोलते का?' आणि पुढे दोन चौकोन, 'होय' व 'नाही'. तो अर्ज भरणाऱ्या आईने दुसऱ्या चौकोनात खूण केली. तिचा मुलगा त्या वेळी चार वर्षांचा होता आणि त्याला स्वमग्नतेचे निदान होऊन काही महिने झाले होते. प्रवेश मिळाला नाही. तेवढ्यावरून त्या शाळेला दोष देण्याचा येथे हेतू नाही. लक्ष वेधून घेतो तो प्रश्न. एखाद्या मुलाशी आपला संवाद होऊ शकेल की नाही, हे ठरवण्यासाठी एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे असे आपल्याला का वाटते, आणि केव्हापासून वाटू लागले?

वस्तुतः मराठी भाषेला न बोलता होणारे बोलणे अपरिचित नाही. डोळे 'बोलके' असतात असे आपण सहज म्हणतो. नेत्रपल्लवी आणि करपल्लवी हे शब्द आपल्याकडे जुने आहेत. करपल्लवीत तर हाताच्या ठेवणीने अक्षरांचा वर्ग आणि बोटांच्या संख्येने त्या वर्गातील अक्षर सुचवण्याची पद्धतशीर योजना आहे. परंतु याच भाषेत, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, अशा अर्थाची म्हणही आहे. शिक्षणसंस्थांचा आणि रुग्णालयांचा इतिहास पाहिला तर त्यांनी करपल्लवीपेक्षा ही म्हणच अधिक मनावर घेतल्याचे दिसते.

प्रस्तुत लेखात मुंबई व तिच्या उत्तरेकडील परिसराच्या संदर्भात या धारणेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखिका वैद्यकशास्त्राची अभ्यासक नाही, इतिहासाची आहे. त्यामुळे उपचारांची शिफारस करण्याचा अधिकार ती घेत नाही. उच्चारलेला शब्द हीच भाषेची एकमेव खूण मानली गेल्यामुळे स्वमग्न मुलांच्या वाट्याला दीर्घकाळ केवळ वाट पाहणे आले, आणि ही वाट पाहण्याची सवय स्वमग्नतेच्या शोधाहूनही जुनी आहे, एवढेच येथे दाखवायचे आहे.

वाणीचा आग्रह

या कथेचा आरंभ पॅरिसमध्ये करावा लागतो. दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतातील रानात सापडलेला, बारा वर्षांच्या आसपासचा एक मुलगा १८०० मध्ये पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणण्यात आला. व्हिक्टर हे नाव त्याला पुढे मिळाले. तरुण वैद्य झाँ इतार यांनी सुमारे पाच वर्षे त्याला बोलायला शिकवण्यासाठी अथक परिश्रम केले आणि १८०१ व १८०६ मध्ये दोन अहवाल लिहिले. व्हिक्टर मोजके उच्चार वगळता बोलू शकला नाही आणि इतार निराश झाले. मात्र त्यांच्याच अहवालात नोंद आहे की, भेटीला आलेल्या लोकांचा कंटाळा आला की हा मुलगा त्यांची काठी, हातमोजे व टोपी आणून त्यांच्या हातात देई आणि त्यांना हळूच दाराकडे ढकली. यापेक्षा स्पष्ट वाक्य कोणते असू शकते? ज्या संस्थेत हे घडत होते तेथे खुणांची समृद्ध भाषा रोज वापरात होती, तरीही इतार यांनी व्हिक्टरला ती शिकवली नाही. पुढील काळातील अभ्यासकांनी, विशेषतः हार्लन लेन यांनी १९७६ मध्ये, नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. व्हिक्टर स्वमग्न असावा असे मत उटा फ्रिथ आदी संशोधकांनी मांडले आहे. दोनशे वर्षांनंतर निदान करण्यातील धोका लक्षात घेऊनही ते विचारार्ह आहे.

१८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांपेक्षा वाणी श्रेष्ठ असल्याचा ठराव केला आणि शाळांतून शुद्ध मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १८८५ च्या सुमारास, मुंबईत माझगाव येथे बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिर मुलांसाठी संस्था सुरू झाली. भारतातील अशा प्रकारच्या आधुनिक शाळांत तिचे स्थान आद्य मानले जाते. कोलकाता येथील शाळा १८९३ ची. भारतातील कर्णबधिर-शिक्षण जन्मले तेच मिलानच्या छायेत, आणि विसाव्या शतकाचा बहुतांश काळ येथील शाळांतून मौखिक पद्धतीचेच प्राबल्य राहिले. 'मूकबधिर' हा आपला सामासिक शब्दही पाहावा. मूल ऐकू शकत नाही हे कारण, आणि ते बोलत नाही हा परिणाम. समासात मात्र परिणाम आधी आला आहे. समाजाला खटकली ती शांतता, बहिरेपण नंतर.

वर्गात वाणीचा आग्रह असला तरी वसतिगृहात, मैदानात, मधल्या सुट्टीत मुले हातांनी बोलतच राहिली. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई व बंगळूर येथील कर्णबधिरांच्या खुणांचा अभ्यास केला, तेव्हा या शहरांतील खुणा परस्परांशी निकटचे नाते असलेल्या असल्याचे आढळले. कोणत्याही अभ्यासक्रमाविना एक भाषा उपखंडभर नांदत होती. वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. भारतीय सांकेतिक भाषेच्या रीतसर अध्यापनाला तेथे २००१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि या भाषेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाले.

कर्णबधिरत्व आणि स्वमग्नता या दोन सर्वस्वी भिन्न अवस्था आहेत. कर्णबधिर मुलाची संवादाची ओढ शाबूत असते, त्याला हवे असते ते डोळ्यांना दिसणारे माध्यम. स्वमग्न मुलाच्या बाबतीत हावभाव, नजर व निर्देश यांचा विकासही वेगळ्या वाटेने जातो. तेव्हा 'खुणा शिकवा, प्रश्न मिटेल' इतके हे सोपे नाही. दोन्ही इतिहासांना जोडणारा दुवा मुलांमध्ये नसून मोठ्यांमध्ये आहे. तो म्हणजे वाणीखेरीज दुसरे काही दिले तर मूल आळशी होईल आणि कधीच बोलणार नाही, ही भीती. ती माझगावच्या काळात होती आणि वसईतील घरांतून आजही ऐकू येते.

एका शब्दाची वाटचाल

'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास वेगळ्याच संदर्भात, छिन्नमनस्कतेच्या वर्णनासाठी घडवली. ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून ती आली. १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी त्यांच्याशी साम्य असलेल्या मुलांविषयी लिहिले. मराठीने या संज्ञेसाठी 'स्वमग्नता' हा शब्द स्वीकारला. शब्द सुबक आहे, उच्चारायला गोड आहे, आणि म्हणूनच काहीसा घातक आहे. 'मग्न' म्हणजे रमलेला, बुडालेला. जो स्वतःत रमला आहे त्याला आपली गरज नाही, असा अर्थ नकळत चिकटतो. प्रत्यक्षात यातील बहुसंख्य मुले संवादासाठी धडपडत असतात, त्यांच्या धडपडीचा आकार मात्र आपल्या ओळखीचा नसतो. तरीही शासकीय व्यवहारात व वृत्तपत्रांत हाच शब्द रूढ झाल्याने प्रस्तुत लेखातही तोच वापरला आहे.

कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी आठ मुले बोलू लागली होती, तीन बोलली नाहीत. जी बोलत होती त्यांच्या बोलण्याविषयी कॅनर यांचे निरीक्षण असे होते की, प्रारंभीच्या काळात ते संवादासाठी फारसे वापरले जात नव्हते. ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत येत, 'मी' व 'तू' यांची अदलाबदल होई. मात्र १९४६ मध्ये याच कॅनर यांनी आणखी एक निबंध लिहिला आणि त्यात स्वतःच्या चित्राला महत्त्वाची जोड दिली. एक पाच वर्षांचा मुलगा दवाखान्यात असताना, कुत्र्याला गच्चीवरून टाकू नकोस, अशा अर्थाचे वाक्य म्हणत असे. तेथे ना कुत्रा होता ना गच्ची. आईकडे चौकशी केली असता उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलाच्या सज्जातून तो आपले खेळण्यातले कुत्रे सारखे खाली टाकी, आणि वैतागलेली आई त्याला तसे बजावी. तेव्हापासून काहीही फेकण्याचा मोह झाला की तो स्वतःला त्याच वाक्याने आवरी. वाक्य निरर्थक नव्हते, त्याचा अर्थ घरच्या आठवणीत दडलेला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. संदर्भ हरवलेला दस्तऐवज आणि संदर्भ सापडल्यावर बोलू लागलेला दस्तऐवज यांत हाच फरक असतो.

दुर्दैवाने कॅनर यांच्या निरीक्षणांपैकी उचलले गेले ते दुसरेच. या मुलांचे पालक भावनिकदृष्ट्या थंड असल्याची त्यांची टिप्पणी पुढे एका सिद्धान्ताइतकी बळकट झाली, आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने त्या दोषारोपाला लोकप्रियता मिळवून दिली. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्याला आव्हान दिले होते. सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांच्या १९७७ च्या जुळ्यांच्या अभ्यासाने जनुकीय कारणांकडे स्पष्ट निर्देश केला आणि शास्त्रापुरता तो वाद बव्हंशी संपला. सासरघरी तो संपलेला नाही, हे वेगळे सांगावयास नको.

मुंबईत या काळात काय होते? १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा समाजकार्य संस्थेने पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. १९४४ मध्ये जय वकील व होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. १९६६ मध्ये नायर रुग्णालयात श्रवण व वाचाशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि वाचोपचारतज्ज्ञ हा व्यवसाय येथे रुजू लागला. स्वमग्न मुले या काळातही जन्मत होतीच. ती कोणत्या रांगेत उभी होती? बहुधा काही मूकबधिरांच्या, बरीच 'मतिमंद' म्हणून ओळखल्या गेलेल्यांच्या, आणि कित्येक कोणत्याच रांगेत नाही, घराच्या मागच्या खोलीत.

या संस्थांत १९७२ हे वर्ष वेगळे नोंदवले पाहिजे. त्या वर्षी मिठू अलूर यांनी कुलाबा येथे स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्यांची वाणी स्पष्ट नसते अशी मुले तेथे येत. अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून लिहिलेले आत्मकथन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बुद्धी आणि वाणी या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात आणि वाणी नसलेल्या व्यक्तीला अभिव्यक्तीचे साधन देता येते, हा धडा मुंबईला प्रथम या मुलांनी दिला. स्वमग्न मुलांपर्यंत तो पोहोचायला आणखी बराच काळ गेला.

बोट दाखवणे : एका लहानशा कृतीचे महत्त्व

खिडकीत बसलेले वर्षभराचे बाळ कावळ्याकडे बोट दाखवते आणि मागे वळून आईच्या चेहऱ्याकडे पाहते. त्याला कावळा नको असतो. 'तूही बघ' एवढेच त्याला सांगायचे असते. एलिझाबेथ बेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या कृतीचे दोन प्रकार वेगळे केले : वस्तू मागण्यासाठी केलेला निर्देश आणि अनुभव वाटून घेण्यासाठी केलेला निर्देश. शब्द येण्यापूर्वी भाषेचा पाया या निर्देशांत घातला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९७८ मध्ये फ्रँक कर्शियो यांनी न बोलणाऱ्या बारा स्वमग्न मुलांचे निरीक्षण केले. ही मुले आपल्या परीने मागणी करीत होती, परंतु केवळ दाखवण्यासाठी, वाटून घेण्यासाठी केलेला निर्देश त्यांच्यात आढळला नाही. पीटर मंडी, मॅरियन सिगमन व कॉनी कसारी यांनी १९९० मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याच्या क्षमतेला, म्हणजे सामायिक अवधानाला, अनुसरून केलेले हावभाव ज्या स्वमग्न मुलांत अधिक होते, त्यांची भाषा सुमारे वर्षभरानंतर अधिक वाढलेली आढळली. या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. मुलाच्या शब्दांची वाट पाहत बसण्याऐवजी त्याच्या नजरेकडे, हाताकडे पाहावे लागेल आणि काम तेथून सुरू करावे लागेल, असा त्याचा अर्थ होतो.

स्वमग्न मूल काही हवे असल्यास मोठ्या माणसाचे मनगट धरून त्याचा हात वस्तूपर्यंत नेते. पालक सांगतात, 'तो माझा हात चमच्यासारखा वापरतो.' या सांगण्यात दुखावलेपण असते, आणि ते समजण्याजोगे आहे, कारण मूल चेहऱ्याकडे पाहत नाही. तरी ती मागणीच आहे, आणि ती विशिष्ट व्यक्तीकडे केलेली आहे. तिला उत्तर मिळाले, त्या हाताला हळूहळू निर्देशाचे वळण लावले, तर ती वाढू शकते. तीच गोष्ट ऐकलेले शब्द परत उच्चारण्याची. बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुकन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, असे प्रतिध्वनी संभाषणात आपली पाळी घेणे, होकार देणे, मागणी करणे अशी निरनिराळी कामे करतात. त्याआधीची काही वर्षे उपचारकेंद्रांतून ही 'सवय' मोडून काढण्याकडे कल होता.

पर्यायी साधनांचा इतिहास याच काळात सुरू होतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांना हातांच्या खुणा शिकवण्याचे प्रयोग झाले. १९८५ मध्ये अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रपत्त्यांची देवघेव करण्याची पद्धत डेलावेअर येथे विकसित केली. चित्राचा पत्ता समोरच्याच्या हातात द्यावा लागतो, म्हणजे दुसऱ्या माणसाकडे वळणे हाच पहिला धडा ठरतो. याने मुलाचे बोलणे खुंटेल का? डायान मिलर, जॅनिस लाइट व राल्फ श्लॉसर यांनी २००६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पर्यायी साधनांमुळे वाणी कमी झाल्याचे एकही विश्वसनीय उदाहरण त्यांना मिळाले नाही. बहुतेक व्यक्तींत ती थोडीफार वाढलीच होती. २०१४ मध्ये कसारी व सहकाऱ्यांनी अत्यल्प बोलणाऱ्या, पाच ते आठ वर्षे वयाच्या ६१ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आवाज देणारे उपकरण आरंभापासून देण्यात आले, त्यांचे उत्स्फूर्त बोलणे इतरांपेक्षा अधिक वाढले. 'आधी बोलू दे, नाहीच बोलला तर चित्रे देऊ' हा क्रमच त्यामुळे उलटा ठरतो.

या इतिहासाला एक अंधारी बाजूही आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत, मदतनीसाने मुलाचा हात धरून टंकलेखन करवून घेण्याची पद्धत झपाट्याने पसरली. मूक मुले अचानक प्रगल्भ वाक्ये लिहू लागल्याचे दावे झाले. नियंत्रित चाचण्यांत मात्र वारंवार असे आढळले की, शब्द मुलाचे नसून नकळत मदतनीसाचे होते. अमेरिकेतील वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आणि २०१८ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. येथेही मूळ तेच दिसते. मुलाच्या स्वतःच्या तुटपुंज्या खुणांपेक्षा आपल्याला ओळखीचे वाटणारे सुघड वाक्य इतके हवेसे होते की, ते कोणाचे आहे हे पाहण्याचे भान राहिले नाही.

गोव्यातील एक प्रयोग

वरील बहुतेक संशोधन पाश्चात्त्य आहे. ते आपल्याकडे लागू पडेल का, या रास्त शंकेचे एक उत्तर शेजारच्या गोव्यात शोधले गेले. 'संगथ' ही संस्था तेथे १९९६ पासून कार्यरत आहे. इंग्लंडमध्ये २०१० पर्यंत पारखल्या गेलेल्या एका पद्धतीचे दक्षिण आशियाई रूप तयार करून ते गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे पडताळण्यात आले. अतिफ रहमान, गौरी दिवाण व सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन ते नऊ वर्षे वयाची ६५ मुले होती.

पद्धत साधी होती. पालक व मूल खेळत असताना त्यांचे चित्रीकरण करायचे, आणि नंतर ते पालकासोबत बसून पाहायचे. मुलाने कोठे पाहिले, कोठे हात पुढे केला, आणि ते आपल्या लक्षात आले का? घाईने प्रश्न विचारण्याऐवजी थांबलो असतो तर? हे काम करणारे कार्यकर्ते डॉक्टर किंवा वाचोपचारतज्ज्ञ नव्हते. स्थानिक पातळीवर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्ती होत्या आणि बहुतांशी घरी जाऊन काम करीत होत्या. पालकांचा मुलाशी जुळणारा प्रतिसाद वाढला, मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. परस्पर सामायिक लक्षाचा एकूण वेळ मात्र घटला. संशोधकांनी तो निष्कर्षही प्रामाणिकपणे नोंदवला आहे. तेव्हा हा चमत्कार नव्हे. परंतु तज्ज्ञांची वानवा असलेल्या प्रदेशात मुलाच्या शब्दांआधी पालकाच्या पाहण्यावर काम करता येते, हे त्याने सिद्ध केले.

कायद्यातील व्याख्या

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची यादी होती, स्वमग्नता तीत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचा नामनिर्देश केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले. मात्र या कायद्यातील अधिक दूरगामी गोष्ट अनुसूचीत नाही, व्याख्यांच्या कलमात आहे. तेथे 'संप्रेषण' या संज्ञेत भाषांबरोबरच खुणा, ब्रेल, स्पर्श, चित्रदर्शन, सोपी भाषा आणि पूरक व पर्यायी साधने यांचा स्पष्ट समावेश आहे. भारताने २००७ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील व्याख्येचा तो वारसा आहे. कायद्याच्या दृष्टीने चित्रपत्ता पुढे करणारे मूल संवाद साधत असते. बालवाडीच्या अर्जाच्या दृष्टीने ते बोलत नसते.

वसई-विरार : अनेक बोलींचे घर

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार होती. विशेष सेवांसाठी मात्र येथील कुटुंबांचा ओढा पूर्वापार मुंबईकडे राहिला. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. ज्या मुलाला आवाज, गर्दी आणि धक्के असह्य होतात, त्याला आठवड्यातून दोनदा लोकलने अर्ध्या तासाच्या उपचारासाठी न्यायचे म्हणजे काय, हे या मार्गावरील प्रवाशांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अनेकदा मूल उपचारकेंद्रात पोहोचते तेव्हा त्याची सहनशक्ती संपलेली असते, आणि त्या दिवसाच्या नोंदीत 'सहकार्य नाही' एवढेच उरते.

या प्रदेशाचे दुसरे वैशिष्ट्य भाषिक आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात ठाणे जिल्ह्यातील सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली आदी बोलींची नोंद आहे. कुपारी समाजाची कादोडी, वाडवळांची बोली, किनाऱ्यावरील कोळी बोली आजही घरांतून जिवंत आहेत. त्यांवर प्रमाण मराठी, शेजारची गुजराती व हिंदी आणि शाळेची इंग्रजी यांचे थर चढले आहेत. अशा घरात स्वमग्न मूल जन्मले की एक सल्ला हमखास मिळतो : घरी एकच भाषा बोला, आणि ती शाळेची असू द्या.

प्रारंभी उल्लेखिलेल्या कुटुंबालाही हा सल्ला मिळाला होता. घरात आजी कादोडी बोलणारी. तिला इंग्रजी येत नाही आणि प्रमाण मराठीही ती अडखळत बोलते. सल्ला पाळण्यासाठी तिने नातवाशी बोलणे जवळजवळ बंद केले. दिवसाचे सहा-सात तास मूल जिच्याजवळ असे, तीच व्यक्ती मूक झाली. आईवडील कामावरून परतल्यावर शिकलेल्या इंग्रजीत, आखडलेल्या सुरात बोलत. मुलाला सूचना मिळत होत्या, गप्पा मिळत नव्हत्या. तमार क्रेमर-सॅडलिक यांनी अमेरिकेतील स्थलांतरित कुटुंबांचा अभ्यास करून २००५ मध्ये नेमका हाच धोका दाखवला होता : घरची भाषा काढून घेतली की स्वमग्न मूल कौटुंबिक संभाषणाच्या परिघाबाहेर पडते. कॅथरीन हॅम्बली व एरिक फोंबॉन यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विभाषिक वातावरणातील स्वमग्न मुलांची भाषावाढ एकभाषिक मुलांपेक्षा मागे असल्याचे आढळले नाही. या सल्ल्याला पुराव्याचा आधार नव्हता, आधार होता तो प्रतिष्ठेचा. मिलानच्या परिषदेत खुणांना जे स्थान मिळाले तेच येथे बोलीला मिळाले.

साधनांच्या बाबतीत काही प्रगती झाली आहे हे मान्य केले पाहिजे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभिकल्प विभागाने 'जेलो' हे चित्राधारित संप्रेषणसाधन विकसित केले. त्यात मराठीचाही समावेश आहे. २००१ पासून मुंबईत कार्यरत असलेल्या 'उम्मीद' या बालविकास केंद्राचे त्यात सहकार्य होते. चेन्नईत तयार झालेले 'आवाज' हे उपकरणही परिचित आहे. भ्रमणध्वनी घरोघरी असल्याने अशी साधने वसईपर्यंत सहज येतात. मात्र त्यांच्या पडद्यावरील मराठी प्रमाण मराठी आहे. आजीच्या बोलीतील हाका, जेवणातील पदार्थ आणि अंगणातील वस्तू यांची चित्रे कोणीतरी घरीच काढून, त्यांना घरचाच आवाज द्यावा लागतो. स्थानिक महाविद्यालयांतील मराठी विभागांनी बोलींचे शब्दसंग्रह केले आहेत, विद्यार्थ्यांकडून प्रकल्प लिहून घेतले आहेत. हे साहित्य आणि या मुलांची गरज एकमेकांच्या दोन-तीन किलोमीटरांच्या आत असून त्यांची भेट झालेली नाही.

त्या कुटुंबाने पुढे वेगळ्या उपचारतज्ज्ञाच्या सांगण्यावरून आजीला पुन्हा बोलते केले. वर्षभराने दुसऱ्या एका शाळेचा अर्ज भरायची वेळ आली. त्यातही तीच ओळ होती आणि तेच दोन चौकोन. या वेळी आईने दोन्ही कोरे ठेवले आणि बाजूच्या समासात बारीक अक्षरात लिहिले : हात धरून नेतो. नको असेल तर ताट सरकवतो. पाण्याचे, झोक्याचे व घरी जायचे चित्र आणून देतो. आजीने गाणे अर्धे सोडले की पुढची ओळ पुटपुटतो, आजीच्याच भाषेत.